उकंडराव जमादारांची तिरपी रेघ

उकंडराव गेल्याची बातमी मला काट्यावर कळली. वाशीमजवळच्या मालेगावात, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात, गाड्या वजनकाट्यावर मोजण्याचे काम मी एकोणीस वर्षे करतो आहे. त्या सकाळी उकंडरावांच्या गावची, किन्हीराजाची, एक गाडी काट्यावर चढली होती. गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, "काटेदार, तुमचा जमादार गेला. पहाटीच. आता तं नेलाही असन." मी भरती गाडीचे वजन लिहिले, कापूस उतरवून रिकामी गाडी पुन्हा मोजली, वजाबाकी केली, पावती फाडून दिली आणि मग उठलो. किन्हीराजाच्या वाटेवर सायकल हाकताना लक्षात आले की पावतीवर आकड्यापुढची जागा मी तशीच कोरी सोडली आहे. उकंडरावांनी ती पाहिली असती तर गाडीवानाला अर्ध्या वाटेवरून परत बोलावले असते... मी पोचलो तेव्हा लोक मसणवटीतून परतत होते.

त्याला आता सव्वा महिना झाला. पोलिस खात्यात जमादार असलेला, पुढे बडतर्फ झालेला आणि मालेगावच्या बाजारात माळवे विकून पोट भरणारा हा माणूस. त्याच्यावर वर्तमानपत्रात काही छापून येईल असे त्याला कधी वाटले नसेल. मलाही लिहिण्याची सवय नाही. आकडे लिहितो, तेवढेच. पण काही गोष्टी माझ्याशिवाय दुसरा कोणी सांगू शकत नाही, म्हणून लिहितो आहे.

त्यांच्या आधीची चार भावंडे जगली नाहीत. म्हणून आपल्याकडच्या रीतीप्रमाणे आईने ह्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवले, परत उचलले आणि नाव उकंडा ठेवले. मालेगावच्या ठाण्यात ते बदलून आले त्या हंगामात भावाच्या कापसाची गाडी घेऊन माझ्याकडे आले होते. अंगावर साधे धोतर, पण चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा झालेला. ठाण्याच्या माणसाची गाडी रांगेत उभी राहत नाही हा आमच्या काट्याचा न लिहिलेला नियम होता. मी हाक मारली, "जमादार, या ना पुढं."

"माहा नंबर कितवा हाय?"

"सतरावा."

"मंग सोळा होऊ द्या," असे म्हणून ते जुवावर बसून राहिले. दुपारचे दोन वाजले. मागच्या गाडीवाल्याने आपल्या भाकरीतली अर्धी त्यांना दिली. ठाण्याचा माणूस दुसऱ्याने दिलेली भाकरी खातो आणि बदल्यात आपल्या गाठोड्यातला ठेचा काढून देतो, हे मी पहिल्यांदाच पाहिले.

ठाण्यात त्यांच्याकडे रोजनामचा होता. रोजनामचा म्हणजे दिवसभरात ठाण्यात काय घडले, कोण आले, कोणाला आणले, ते वेळेसह लिहायचे बांधीव पुस्तक. पानांवर छापील आकडे असतात, त्यामुळे पान फाडता येत नाही. पण ओळीच्या शेवटी किंवा दोन नोंदींच्या मध्ये जागा सुटली तर तिथे मागाहून हवे ते घुसवता येते, आणि बहुतेक ठाण्यांत तशी जागा मुद्दाम सोडतात. उकंडराव सोडत नसत. कामावर आले की आधी वरच्या नोंदीखालची कोरी जागा तिरप्या रेघेने बंद करायची, मग आपली नोंद लिहायची, आणि ओळ जिथे संपेल तिथून कागदाच्या कडेपर्यंत पुन्हा रेघ. शिपाई त्यांना मागून रेघोजी म्हणत. ठाणेदार तोंडावर म्हणत, "ह्या उकंड्यानं रेघा मारून मारून सरकारची शाई आटवली." ही खोड त्यांच्या हाताला इतकी लागली होती की भाचीच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावे घालतानासुद्धा नावापुढे रेघ मारत. व्याह्यांनी विचारले, आमच्या नावापुढे काट कशाची? उकंडरावांच्या बायकोने, गिरजावहिनींनी, कशीबशी समजूत घातली.

आता माझ्याबद्दल. मी ठाण्याचा ठरलेला पंच होतो. पंचनाम्यावर दोन भल्या माणसांच्या सह्या लागतात. कायद्याने ती माणसे जागेवर हजर असली पाहिजेत. प्रत्यक्षात शिपाई कागद घेऊन काट्यावर यायचा, "काटेदार, सही" म्हणायचा, आणि मी सही करायचो. मी हिशेब केला आहे. एकूण चौतीस पंचनाम्यांवर माझी सही आहे. त्यातल्या नऊ वेळा मी जागेवर होतो. उरलेल्या पंचवीसपैकी किती कागद सही करताना पूर्ण कोरे होते हे मला सांगता येणार नाही, आणि हा माझ्या आयुष्यातला एकच आकडा आहे जो मला सांगता येत नाही. भीती होतीच, पण फक्त भीती नव्हती. ठाण्यात गेलो की मला खुर्ची मिळायची. बाजाराच्या दिवशी माळी लोक ठाण्यात वांग्यांची पाटी मुकाट्याने पोचवून देत आणि दारातूनच परत फिरत, तिथे मी खुर्चीवर बसून चहा पीत असे.

उकंडरावांनी मला एकदा कोऱ्या कागदावर सही करताना पाहिले. शिपाई गेल्यावर ते काट्याजवळ येऊन उभे राहिले.

"काटेदार, रिकाम्या गाडीची भरतीची पावती देता का तुमी?"

"देईन कसा? नोकरी जाईन माही."

"मंग कोऱ्या कागदावर सही काहून देता? थे बी रिकामी गाडीच हाय. तिच्यात कोन काय भरन, तुमाले काय ठाव?"

"ठाणेदारसायब मांगते, तं म्या काय करू जमादार?"

"काही नका करू. सहीच्या वरतं एक रेघ मारून द्या. पाहा कशी मांगते मंग."

मी हसलो. तेही हसले. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा सही केली.

त्या वर्षी पाऊस मधेच ओढला होता, पण कापूस बरा होता. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा सोमला नावाचा माणूस बायकोला घेऊन दर हंगामात वेचणीला आमच्याकडे यायचा. मोठा हसरा. वेचणीचे ओझे काट्यावर टाकले की स्वतःही वर चढून म्हणायचा, "मले बी मोजा ना, काटेदार. पाहू, औंदा किती झालो." त्या वर्षी तो एक मण एकोणीस शेर भरला होता. पौषात गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची बैलजोडी चोरीला गेली. ती कोणी नेली हे अर्ध्या बाजाराला माहीत होते. गुरांचा एक दलाल होता आणि त्याची ऊठबस ठाणेदाराकडे होती. पण चोर तर पाहिजे. शिपाई शेतातून सोमलाला उचलून घेऊन गेले. उकंडराव तेव्हा एका खटल्यात साक्षीसाठी वाशीमला होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ते कामावर परत आले आणि त्यांनी हवालात उघडली. सोमला मेलेला होता. तळपाय काळेनिळे, पाठ फुटलेली.

त्यांनी रोजनामचा ओढला, आदल्या नोंदीखालची जागा रेघेने बंद केली आणि जे दिसले ते लिहिले. कैदी हवालातीत मृत आढळला, अंगावर माराच्या खुणा अमुक अमुक ठिकाणी. लिहून खाली रेघ मारली. ठाणेदार आले तेव्हा त्यांना वेगळेच लिहून हवे होते. चोरलेल्या बैलांच्या घुंगरमाळा आपण गावाबाहेरच्या पडीक विहिरीत टाकल्या असे सोमलाने कबूल केले, त्या दाखवायला त्याला पहाटे तिकडे नेले, तिथे त्याने शिपायांच्या हाताला हिसका देऊन उडी टाकली आणि बुडून मेला. ही नोंद उकंडरावांच्या नोंदीच्या आधी बसायला हवी होती, आणि तिथे तर एक अक्षर मावायला जागा नव्हती. "सायब, जागा नाई," एवढेच उकंडराव म्हणाले. आठ दिवसांत ते पुस्तक ठाण्यातून नाहीसे झाले. वाळवी लागली म्हणून सांगितले आणि नवे पुस्तक सुरू केले. विहिरीची हकीगत खरी ठरवायला मग एकच कागद उरला. विहिरीचा पंचनामा. त्याच्या खाली दोन सह्या होत्या. एक एका हॉटेलवाल्याची. तो त्याच उन्हाळ्यात पटकीने वारला. दुसरी माझी.

उकंडराव सर्व्हिस मोटारीने अकोल्याला गेले आणि पोलिस कप्तानांच्या समोर उभे राहून सगळे बोलले. मार कोणी दिला, दलाल कोण, पुस्तक कुठे गेले. आपल्याच ठाण्याविरुद्ध बोलणारा जमादार मी तोवर ऐकलाही नव्हता. चौकशी लागली. तिच्या आधीच्या रविवारी दुपारी ते माझ्या घरी आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरळ विचारले, "काटेदार, त्या पडीक विहिरीवर तुमी गेलते का?"

"नाई."

"सही तं हाय."

"थे आधीची हाय. कोरी दिली व्हती."

"एवढंच सांगा चौकशीत. दुसरा एक शबुद नका सांगू."

माझी बायको चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबून म्हणाली, "जमादारभाऊ, दोन पोरी लग्नाच्या हायत. ठान्याशी वैर कसं परवडन आमाले?"

"बरोबर हाय वैनी तुमचं," असे म्हणून त्यांनी चहा संपवला. आवाजात टोमणा नव्हता. उंबऱ्यावर वहाणा घालताना मात्र मागे न पाहता म्हणाले, "सोमला तुमाले वळखत व्हता ना?..." आणि निघून गेले.

चौकशी डाक बंगल्यात झाली. मला आत सात मिनिटे लागली असतील. अधिकाऱ्याने पंचनामा पुढे केला आणि विचारले, "ही सही तुमची?" मी म्हणालो, "हो." "बळजबरीने घेतली?" "नाही." "ठीक आहे, जा." विहिरीवर गेला होता का, हे त्याने विचारले नाही, आणि मी सांगितले नाही. पुढे कित्येक वर्षे मी स्वतःची समजूत अशीच घालत होतो की मी खोटे बोललो नाही, मला विचारलेच नाही. उकंडराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते टेबलावरच्या त्या कागदाकडे बघत होते, माझ्या सहीच्या वरच्या दाट, कोंबून लिहिलेल्या ओळींकडे. बाहेर कडुनिंबाखाली सोमलाची बायको बसलेली होती. मला पाहून ती उठली. काट्यावरचा माणूस वजन खरे सांगतो एवढीच तिची माझ्याशी ओळख. म्हणाली, "काटेदार, सांगतलं ना?"

मी म्हणालो, "हो."

ह्या दुसऱ्या 'हो'ला तर कोणाची भीतीही नव्हती.

त्यानंतर आठ दिवसांनी मी एकटाच त्या विहिरीवर गेलो. दोराला दगड बांधून आत सोडला. काठापासून तळापर्यंत एकोणीस हात. दोराचा ओला झालेला भाग एक हात चार बोटे. पंचनाम्यात, माझ्या सहीच्या वर, 'पाणी सुमारे दोन पुरुष' असे लिहिले आहे. दोन पुरुष म्हणजे सात हात. त्यात माणूस बुडतो. एक हात चार बोटांत धडधाकट माणूस बुडत नाही. हे मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले आणि वही कपाटात ठेवून दिली.

खोटी तक्रार आणि वरिष्ठांशी बेअदबी ह्या कारणांवरून उकंडरावांना बडतर्फ केले. ठाणेदाराची बदली झाली, ती वरच्या जागेवर. पट्टा आणि टोपी जमा करून उकंडराव बाहेर आले तेव्हा ठाण्यासमोर दहा-बारा माणसे उभी होती. त्यांतला एक हळहळला तर म्हणाले, "अबे, मले मायनं जल्मताच उकिरड्यावर टाकून पाह्यलं. हे काय नवं टाकून राह्यले?" लोक हसले. मी मागच्या बाजूला होतो. मी हसलो नाही, पण पुढेही झालो नाही.

भावाच्या विहिरीवर अर्धा एकर वाफे काढून त्यांनी वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावली आणि मालेगावच्या बाजारात पाल टाकून बसू लागले. बाजारात शिपाई फिरत आणि प्रत्येक पाटीतून हाताला येईल ते उचलत. उकंडरावांच्या पाटीजवळ आले की हात आपोआप मागे जायचे. एकदा एक नवा शिपाई वाकला, तेव्हा शेजारची माळीण ओरडली, "अरे थांब ना बापा, थे रेघ मारन तुह्या हातावर!" सगळा बाजार हसला होता. त्यांनी नागपूरला अपील केले होते. ते सुनावणीला येण्याआधी राज्य बदलले, आपला वऱ्हाड नागपूरकडून मुंबई राज्यात गेला. मी विचारले की म्हणत, "फाईल निंगाली हाय नागपूरहून. पायी येऊन राह्यली." पेन्शन नाही, नोकरीतल्या बावीस वर्षांचे काही नाही. थोरल्या मुलाला पोलिसांत भरती व्हायचे होते. अर्जावर बापाचे नाव पाहूनच त्याला परत पाठवले. आता तो रस्त्याच्या कामावर खडी फोडतो.

माझ्याशी ते बोलायचे थांबले असते तर बरे झाले असते. थांबले नाहीत. मी दर बाजाराला त्यांच्याकडूनच माळवे घेत असे आणि ते मला निवडून देत. दर दिवाळीच्या आधी आपली तागडी आणि लोखंडी वजने पिशवीत घालून काट्यावर आणायचे. "पाहून द्या. घासून हलकी झाली असतीन. तुमचं पाह्यलेलं लोक मानते." मी वजने एकेक करून तपासायचो. एकदा अच्छेराचे, म्हणजे अर्ध्या शेराचे, वजन जरा कमी भरले. तेव्हा त्यांनी ते तिथेच नाल्यात फेकून दिले आणि नवे येईपर्यंत अच्छेर मागणाऱ्याला दोन पावशेर वेगवेगळे मोजून दिले. चौकशीचा विषय त्यांनी सहा वर्षांत एकदाही काढला नाही. मी काढायचे ठरवून तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा वांगी घेऊन परत आलो.

शेवटची भेट जायच्या पंधरा दिवस आधीची. छातीत कफ भरला होता, बाजेवर उशाला वाकळ लावून बसले होते. मला पाहून म्हणाले, "शेर जाऊन किलो येऊन राह्यले म्हनते. मंग जुनी मापं काय करतीन?"

"सरकार जमा करन."

"आन जुनी खोटी मापं?" म्हणाले आणि हसता हसता खोकू लागले. खोकला थांबल्यावर मी सुरुवात केली, "जमादार, थे चौकशीचं..." त्यांनी हात वर केला. "पानी द्या जरासं." मी पाणी दिले. ते खरेच तहानलेले होते की मला अडवत होते, हे मला आता कधीच कळणार नाही. पाणी पिऊन त्यांनी डोळे मिटले. मी भांडे जागेवर ठेवले आणि निघालो.

तेरवीनंतर गिरजावहिनींनी बोलावून घेतले. पत्र्याची पेटी पुढे ठेवली. "ह्यातले कागद पाहून सांगा भाऊ, कोनते ठेवायचे." अपिलाच्या नकला होत्या, पोस्टाच्या पावत्या होत्या, आणि सगळ्यांच्या खाली चार घड्या घातलेला एक कागद होता. अक्षर उकंडरावांचे, पण लिहिलेले माझ्या नावाने. मालेगावच्या विहिरीच्या पंचनाम्यावरची सही माझी आहे. ती मी कोऱ्या कागदावर दिली होती. मी त्या विहिरीवर गेलो नव्हतो. बस्स, एवढेच. रविवारी दुपारी मी माझ्या तोंडाने जे सांगितले होते तेवढेच, त्यात एक शब्द वाढवलेला नाही. तारीख चौकशीच्या आदल्या दिवसाची. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिरपी रेघ, खालची सगळी जागा रेघेने बंद. फक्त एक ओळ मोकळी होती. तिच्यापुढे 'सही' असे लिहिले होते.

वहिनी म्हणाल्या, "दरसाली दिवाळीत पेटी झाडत, तवा हा कागद हाती घेत आन परत ठेवत. म्या म्हनलं, द्या ना त्याहीले नेऊन. तं म्हनत, मागं लागून घेतलेली सही आन कोरी सही एकच. त्याहीनं मांगतला तं देऊ."

मी मागितला नव्हता.

मी त्यांच्याच घरी, त्यांच्याच टाकाने सही केली. सहीच्या पुढे दोन बोटे जागा उरली, ती तिरप्या रेघेने बंद केली. रेघ सरळ आली नाही. त्या कागदाची नक्कल आणि विहिरीच्या मापांचे माझ्या वहीतले पान मी अकोल्याला आणि मुंबईला पाठवले आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होवो. सोमलाच्या तांड्यावरही जाऊन आलो. त्याच्या घराला कुडाचे दार लावलेले होते. बायको कुठे कामाला गेली आहे, कधी येईल, शेजाऱ्यांना सांगता आले नाही.

सही केल्यावर वहिनींनी कागद हातात घेतला होता. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, "काय लिवलं हाय याच्यात? वाचून दाखवा."

मी वाचून दाखवले. वाचायला अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही.

"आन?" त्यांनी विचारले.

"एवढंच हाय, वैनी."

त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. तीही रेघेने बंद केलेली होती. "एवढंच व्हतं?" त्या म्हणाल्या, आणि पेटीचे झाकण लावून आत निघून गेल्या.